तीन हात सरकलेली पिटकोळी

फणसाखाली येऊन उभी राहिले तेव्हा आधी वास आला. कुजलेल्या पानांचा, ओल्या चिऱ्याचा, आणि त्याच्याखाली कुठेतरी लोखंडाचा. लोखंड आता तिथे काही नाही. बाबांनी ओढलेली काटेरी तार सुहासने मागच्या उन्हाळ्यात गुंडाळून भंगारात दिली. तरी तो वास आला आणि माझी डावी मूठ आपोआप मिटली. आईची दोन बोटं गेली ती डाव्या हाताची.

सुहास माझा चुलतभाऊ, काकांचा मुलगा. धामापूरच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची दोन घरं आहेत. आमच्याला कुलूप. त्यांच्या मागे सुहासने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. महिन्यापूर्वी त्याचा बडोद्याला फोन आला.

"ताय, तू झाडांतली. त्या कोपऱ्यात काय लावया ता सांग मगे. ऊन धड येना नाय, सावली धड पडना नाय. पावण्यांका फोटो काढूक बारा महिने कायतरी रंग होयो."

"खंयच्या कोपऱ्यात?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"त्याच. माझे बाबा काय म्हणूचे नाय. ते आता खुर्चेतसून उठणत नाय."

मी येते म्हणाले. घरून कोणी बोलावलं तर मला नाही म्हणता येत नाही; बोलावलं याचंच इतकं वाटतं. मग आठवडाभर गॅस बंद केलाय का, दाराला कडी घातलीय का, हे तीन-तीनदा बघत राहिले. कणकवलीला गाडीतून उतरले तेव्हा पिशवीत एक टेप होती आणि चुन्याची पुडी होती.

त्या कोपऱ्यात रंग कधी शांतपणे आले नाहीत. श्रावणात तेरडा फुलायचा आणि त्याच्या शेंगा बोट लागताच फुटून गालावर फटकन बसायच्या. फणस पिकून पडला की बॉम्ब पडल्यासारखा आवाज व्हायचा. पिवळे गरे चिऱ्यावर फुटलेले, त्यावर माश्यांचं काळं मोहोळ. लाल ओंबील मुंग्या पानं शिवून घरटी करायच्या आणि आम्ही फांदीला हात घातला की कोपरापर्यंत चावून काढायच्या. खंड्या सरडा धरून आणायचा आणि फांदीवर आपट-आपट आपटायचा. ते निळं, ते पोपटी, ते रक्त. मी खाली बसून बघायची. मला भीती वाटायची आणि तिथून उठवायचंही नाही.

आणि भात घरात आलं की राखण. शेताची, घरादाराची काळजी घेणारा राखणदार त्या कोपऱ्यातून येतो-जातो असं आमच्याकडे मानतात. आजोबांनी दोन भावांची वाटणी केली तेव्हा विहिरीपासून चिऱ्यांचा गडगा घातला आणि फणसाजवळ येऊन थांबले. पुढे चिरे लावले तर राखणदाराची वाट अडेल. म्हणून तेवढी फट मोकळी ठेवली आणि हद्द कळावी म्हणून तिथे पिटकोळीचं एक रोप लावलं, लाल झुबक्यांच्या फुलांचं. ते फूल उपटून देठाशी चोखलं की मधाचा एक थेंब मिळतो. आम्हा मुलांना पिटकोळी म्हणजे तो थेंब. ती हद्द आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्यांना वाटलं असेल, यात सांगायचं काय.

राखणीचा कोंबडा एकच, दोन्ही घरांचा. बाबा थोरले, ते कोंबडा धरायचे. काका धाकटे, ते कोयती चालवायचे. रक्त पिटकोळीच्या बुंध्याशी सांडायचं आणि मटण अर्धं अर्धं व्हायचं. आमच्याकडे वडे, त्यांच्याकडे घावणे, आणि दुपारी ताटं गडग्यावरून इकडची तिकडे.

मी आठवीत होते. तेरा वर्षांची. त्या वर्षी मला झाडांचं वेड लागलं. शाळेच्या वाटेवर कुणाच्या कुंपणात काय फुललंय ते मी नावानिशी सांगायची आणि मागून फांद्या आणायची. मला त्या अर्ध्या सावलीच्या कोपऱ्यात वर्षभर रंग हवा होता. एक सबंध रविवार मी तिथे बसून काढला. ऊन कुठून येतं, कुठे थांबतं ते बघत. पावसाळ्यासाठी डोंगरातली सर्वड आणली, तिच्या झुबक्याझुबक्यात एक पान कागदासारखं पांढरं आणि बाजूला नारिंगी फूल. अनंत आणला. तगर आणली. दसऱ्यानंतर फुलायला अबोली, कारण अबोलीला सावली चालते. उरली पिटकोळी. ती फणसाच्या दाट सावलीत अडकून नुसती पानं काढत होती, वर्षाला दोन-तीन झुबके. तीन हात पलीकडे काकांच्या बाजूला सकाळचं कोवळं ऊन पडत होतं.

आषाढात, जमीन लोण्यासारखी झाली होती तेव्हा मी तिला मुळांभोवती गोल खणून, मातीच्या ढेकळासकट उचललं आणि तीन हात सरकवून उन्हात लावलं. हाताने मोजले होते, कोपरापासून बोटांपर्यंत. रिकाम्या जागी अनंत आणि तगर. घरी कोणाला सांगितलं नाही, कारण फुलल्यावर दाखवायचं होतं. बाबा कणकवलीला लाकडाच्या वखारीत कामाला. काळोखात जायचे आणि काळोखात यायचे. काका बोटीवर, वर्षातून एकदा दिवाळीला घरी. पावसाळ्यात सगळीकडे कमरेएवढं रान. कोणाला काही दिसलं नाही.

पिटकोळी फुलली मात्र. इतकी फुलली की पानं दिसेनात.

त्या वर्षी राखण दिवाळीनंतर पाचव्या दिवशी होती. सकाळचं ऊन. गावातले एक म्हातारे गाऱ्हाणं घालायला आले होते. बाबांच्या काखेत तांबडा कोंबडा, पाय सुतळीने बांधलेले. काकांच्या हातात कोयती, नुकती पाजळलेली. आई, काकू, सुहास. मी पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा," म्हाताऱ्यांनी सुरू केलं. "दोन भावांनी मिळान तुझी राखण हाडली हा. ती मानून घे."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"कोणाकडसून काय चुकला असात, तर ता पोटात घाल."

"होय म्हाराजा." यात काकांचा आवाज नव्हता. ते खाली बघत होते.

"अण्णा," ते बाबांना म्हणाले, "पिटकोळी हय नव्हती."

"काय ता?"

"पिटकोळी हय नव्हती. थय होती." कोयतीच्या टोकाने त्यांनी अनंत दाखवला.

"येडो जालस काय? झाड काय चलत येता?"

"झाड नाय चलत. माणूस चलता. मी दर्यार गेलंय काय माणूस चलता."

बाबांनी त्या झाडाकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. तो चेहरा ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाचा होता, आणि नेमका असा चेहरा खोटं बोलणाऱ्यालाही येतो. "माका ठावक नाय," ते म्हणाले. "राखणदाराची आण, माका ठावक नाय."

"त्याच्या म्होरच खोटा बोलतस?"

एवढंसं वाक्य होतं माझ्याकडे. मी हलवलंय ती. तांब्या हातात होता, पाणी डुचमळत होतं. मी नुसती पाण्याकडे बघत राहिले.

अनंत पहिल्या घावाला गेला. तगरीला दोन लागले. सर्वडीची ती कागदासारखी पांढरी पानं उडाली आणि हळूहळू खाली आली. कोयती थांबेना. कापलेल्या खोडांचा हिरवा वास इतका झोंबणारा की नाकात पाणी आलं. बाबांच्या काखेतून कोंबडा सुटला आणि बांधल्या पायांनी फडफडत, किंचाळत जमिनीवर लोळला. मग काका पिटकोळीकडे वळले आणि आईने पुढे होऊन तिचा बुंधा डाव्या हाताने धरला.

"हिका नको भावजी. ही राखणदाराची."

कोयती खाली येत होती. ती थांबवणं काकांच्या हातात राहिलं नव्हतं, हे मला आता कळतं. आवाज अगदी बारीक झाला. शेवग्याची शेंग मोडावी तसा. लगेच दुसरा आवाज, जड. बाबांनी गडग्यावरचा चिरा उचलून काकांच्या खांद्यावर घातला होता. काका गुडघ्यावर बसले. काकू ओरडत होती. लाल फुलांवर लाल काही वेगळं दिसत नव्हतं, तगरीच्या पडलेल्या फुलांवर मात्र दिसत होतं.

बोटं आईनेच उचलली. अळवाच्या पानात गुंडाळली. दवाखान्यात तिनेच सांगितलं, नारळ सोलताना कोयती लागली. काका त्याच हाडमोडक्या खांद्याने चौथ्या दिवशी बोटीवर गेले.

तो कोंबडा कोणी कापला नाही. देवाला बोललेला, म्हणून कोणी खाल्लाही नाही. सुतळी कोणीतरी सोडली असेल. महिनोन् महिने तो त्या फटीत दोन घरांच्या मध्ये फिरायचा आणि भर दुपारी आरवायचा. मग बाबांनी काटेरी तार ओढली, राखणदाराच्या वाटेवरूनच. दोन घरं दोन कोंबडे देऊ लागली, दोन वेगळ्या दिवशी.

अबोली तेवढी वाचली होती. ती खाली, सावलीत, कोयतीच्या उंचीत न येणारी. मार्गशीर्षात फुलली तेव्हा आईने सवयीने केळीचं सोप भिजत घातलं. आई अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, करायची तेव्हा बघत राहावं. पायाच्या अंगठ्याला सोपाचा धागा अडकवून, दोन्ही हातांची बोटं अशी फिरायची की फुलं जणू स्वतःहून रांगेत बसतायत. त्या दिवशी तिने एक फूल घातलं, दुसरं घातलं. तिसरं निसटलं. तिने परत उचललं, परत निसटलं. मग सोप गुंडाळून ठेवलं आणि मला म्हणाली, "पाणी हाड गो बावडेचा." त्यानंतर आमच्या घरात वळेसार झाले नाहीत. तो वास, ओल्या सोपाचा, गेला.

धुणं, दळण, पाणी माझ्या हाताला आलं. शाळेतल्या बाई निरोप पाठवत राहिल्या, मी उद्या येते सांगत राहिले. सोळाव्या वर्षी मावशीने बडोद्याला नेलं. तिथल्या नर्सरीवाल्या म्हाताऱ्यांना सगळे मोटाभाई म्हणत. त्यांनी दाखला मागितला नाही. म्हणाले, हात दाखव. हातावरच्या जुन्या काट्यांच्या खुणा बघितल्या आणि पाण्याची झारी दिली. आज माझ्या पोटाला जे मिळतंय ते त्या झारीतून. त्यांनीच मला सावली मोजायला शिकवली: सकाळी, दुपारी, उतरत्या उन्हात, जिथे सावलीची कड पडेल तिथे चुन्याची रेघ मारायची. तीन रेघांच्या मधली जागा ती अर्धी सावली. झाड निवडण्याआधी जागा वाचायची. मी ते शिकले तेव्हा मनात आलं, एवढं तर मी तेराव्या वर्षी केलं होतं. तो कोपरा वाचला होता. माणसं वाचायची राहिली होती.

बाबा गेले तेव्हा मी पोचले नाही. आईने सांगितलं, शेवटच्या दिवसांत एकच बोलायचे, "सख्खो भाव माका चोर म्हणालो गो." आईने मला कधी काही विचारलं नाही. त्या आषाढात माझ्या नखांतली लाल माती तिनेच ब्रशने काढली होती. तीही गेली. तिने विचारलं नाही याचे उपकार मानावेत की कसं, मला अजून कळत नाही. मानते.

आता सुहासच्या कोपऱ्यात तीच पिटकोळी आहे. पुरुषभर उंच झालीय, खोड मनगटाएवढं, आणि कार्तिकातही पेटलेली. बुंध्याशी कोयतीचा एक वण. मी नऊ वाजता चुन्याची पहिली रेघ मारली, साडेबाराला दुसरी. दुसऱ्या रेघेत वाकले होते तेव्हा मागून काठीचा आवाज आला.

काका. खुर्चीतून न उठणारे काका. डावा खांदा पडलेला, उजव्या हातात काठी, आणि काखेत कोयती. सुहास मागून धावत येत होता. "बाबा, पडशात. बाबा."

"परत?" काका मला म्हणाले. आवाज पातळ झालाय, पण धार आहे. "बापूस मेलो, आता चेडू हद्द मारूक इला?"

"काका, हे सावलेचे रेघे."

"सावलेक रेघ मारतत?"

"मारतत. खंयचा झाड जगात ता कळता."

"माका शिकव नको." त्यांनी कोयती हातात घेतली. सुहासने त्यांचा दंड धरला, त्यांनी झटकला आणि कोयती फणसाच्या खोडात घातली. पांढरा चीक लगेच ओघळला. मी आईसारखी पुढे झाले नाही. मागेही सरले नाही. तिथेच चुन्यात बसले आणि बसल्या बसल्या बोलले.

"काका, पिटकोळी मी हलवलंय. तेव्हा. बाबांनी नाय."

फणसातून चीक ठिबकत होता.

"तिका ऊन नव्हता म्हणान," मी म्हणाले. "तीन हात. हद्द आसा ह्या माका ठावक नव्हता. आणि मगे माझ्या तोंडातसून शब्द येवक नाय."

काका गडग्यावर बसले. कोयतीकडे पाहत होते, खोडात रुतलेल्या.

"म्हणजे अण्णा खोटा बोलूक नाय."

"नाय."

"राखणदाराची आण घातल्यान. ती खरी."

"खरी."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला, वरून खाली, जसं भिंतीवरून ओली जळमटं काढावीत. "वैनी तरी बोलाची, अण्णा खोटा बोलूचो नाय," म्हणाले. मग आणखी काही म्हणाले ते कळलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की माझं वाक्य बाहेर पडलं की ते मलाच लागेल. ते त्यांना लागलं होतं. चोराच्या घरावर घातलेला घाव म्हणून ते जगले होते. आता तो भावाच्या घरावर घातलेला होता. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"मोज," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"तीन हात म्हणालंस. मोज."

मी पिटकोळीच्या बुंध्यापासून फणसाकडे हात टेकवत गेले. एक. दोन. तीन. तिथे चुन्याचा ठिपका ठेवला. काकांनी सुहासला कोयती काढून द्यायला सांगितली, वाकून स्वतःच्या आठवणीप्रमाणे मातीत टोक रुतवलं. "हय होती." ती खूण माझ्या ठिपक्याच्या अलीकडे होती, चांगली दीड वीत.

"तेव्हा केदा होतंस तू?"

"तेरा वर्षांचा."

"मगे हात वाढलो तुझो." ते दोन खुणांच्या मधल्या पट्टीकडे बघत राहिले. एवढीशी जागा, पायपुसणं मावेल इतकी. "मगे ह्या मधला कोणाचा?"

मला खरंच माहीत नव्हतं. त्यांचं असेल, आमचं असेल. ज्या हाताने मोजलं होतं तो हात आता कुठून आणणार.

"माका ठावक नाय," मी म्हणाले.

शब्द बाहेर पडले आणि मी घाबरले, कारण ते बाबांचे शब्द होते, त्याच जागेवर उभे राहून म्हटलेले. काकांनीही ओळखले. त्यांचा पडका खांदा जरा हलला.

"बरा," ते म्हणाले. "ठावक नाय, तर नाय."

मग सुहासला सांगितलं, पिटकोळी हलवू नको, तिने मुळं धरलीत; अनंत हाड, आणि तगर, आणि पावसासाठी डोंगरातसून सर्वड. तोडलेली सगळी झाडं त्यांना नावानिशी आठवत होती, ज्या क्रमाने तोडली त्याच क्रमाने. शेवटी त्यांनी कोयती उलटी केली आणि मूठ माझ्याकडे धरली.

"मधी अबोली लाय. तुझ्या आवशीक लागायची."

गडग्याच्या मुळाशी, सावलीत, जुन्या अबोलीची पिल्लं होती. इतकी वर्षं कोणी न लावलेली, आपली आपण पडून रुजलेली. मी कोयतीच्या टोकाने त्यांतली सात रोपं सुटी केली. लावायला दोन्ही हात हवे होते. सकाळपासून मिटलेली डावी मूठ उघडली, तेव्हा तळव्यात घामाने भिजलेला चुना होता. तो मी त्या पट्टीतल्या मातीतच पुसला.